उजवीकडून उघडणारी वही

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात, जिना चढून,
आमचं वाचनालय.
मार्चअखेर खाजगीवाले सरांनी
चिकटपट्ट्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला.
म्हणाले, देशवार लावून टाका सगळं.
लोक हल्ली देश मागतात.

खरंच मागतात.
पूर्वी म्हणायचे, काहीतरी खुनाचं द्या, रक्त कमी असलेलं.
आता म्हणतात, नॉर्वे आलंय का?
बर्फात पडलेला माणूस नॉर्वे.
आतून कडी लावलेल्या खोलीत पडलेला, जपान.
दौंडच्या मालधक्क्यावर पडलेला
"मराठी, इतर"मध्ये,
तळाच्या कप्प्यात,
जिथे फडकं मारायला गुडघे टेकावे लागतात.

आणि ती लिफ्ट मागणारी बाई.
कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी ती
माझ्या मामाच्या मित्राच्या चेतकवर बसली होती
(मित्राच्याच. मामाच्या कधीच नाही)
आणि खेड शिवापूर येईस्तोवर मागची सीट रिकामी.
ती मला कपाटात तीनदा सापडली.
क्योटोत टॅक्सीची गादी ओली करून जाते,
मेक्सिकोत ट्रकवाल्याला घरचा पत्ता देते,
स्कॉटलंडात कुणाचा तरी कोट घेऊन जाते,
तो सकाळी थडग्यावर वाळत असतो.
तीन पट्ट्या लावल्या, तीन देश.
पासपोर्ट तिला कुणी विचारला नसणार.
फार तर, कुठे सोडू?

चित्रांच्या कप्प्याशी अडले.
जपानची मांगा, कोरियाची मान्हवा, चीनची मानहुआ.
सरांनी पावतीमागे काढून दाखवलं,
मुळात अक्षरं तीच दोन. तोंडं तीन.
मग एकच पट्टी लावू?
तीन लावा, म्हणाले. वर्गणीदार चिडतात.

गुरुवारी झुलेखा आत्तार येते,
गंज पेठेतून, सायकलवर, अकरावीत आहे.
तिने दप्तरातून वही काढली,
पुठ्ठा लाल, पानोपानी चौकटी.
वही उजवीकडून उघडली.
माणसं उजवीकडून डावीकडे पळत होती.
मी म्हटलं, वा, अगदी जपानी!
पेपर चाळणारे नाडगौडा म्हणाले,
जपानीच. नातवाकडे ढीग आहे असल्यांचा.

ती आम्हा दोघांकडे बघत राहिली.
"अब्बांच्या दुकानाची खातेवही आहे.
उर्दूत लिहितात ना ते. अशीच उघडते."

पहिल्या चार पानांवर खरंच हिशेब होता.
खस, मोगरा, कुणाचे तरी दोनशे बाकी.
पाचव्या पानावर बोगदा.
अंधारात एक बाई हात करते,
पण पांढऱ्या साडीत नाही,
बसच्या कंडक्टरच्या खाकीत,
आणि स्कूटरवाल्याकडे सुटे मागते.
त्याच्याकडे नसतात.
कुणाकडेच नसतात.
अठ्ठावीस पानं झाली, ती अजून तिथेच उभी.

"आमच्याकडे पण असंच चालतं," झुलेखा म्हणाली.
"अत्तर कनौजचं, बाटली फिरोजाबादची,
गिऱ्हाईक विचारतं, अरबी आहे ना?
अब्बा म्हणतात, हो.
आणि वीस रुपये जास्त लावतात."

वही इथेच ठेवा म्हणाली, लोकांना वाचू दे.
उरलेल्या पट्ट्या मी दोनदा चाळल्या.
मग कोरी घेतली, बॉलपेनाने लिहिलं, कात्रज,
आणि सवयीने चिकटवली
ती तिच्या हिशेबाने मागच्या पुठ्ठ्यावर.

सरांनी चष्मा वर केला. हा कुठला देश?
घाट आहे सर.
माहितीये मला, म्हणाले,
आणि वही उघडली. शेवटाकडून.
मी काही बोलले नाही.
बरीच पानं गेल्यावर त्यांनी ती उलटी फिरवली,
पुन्हा पहिल्यापासून बसले.

पुढच्या सोमवारी नाडगौडा जिना चढून आले,
धापा टाकत.
"ते कात्रजमधलं," म्हणाले,
"आणखी काही आलंय का?"